नकाशातच लागलेला निकाल

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेत ९९ जागा आहेत. नोव्हेंबर २०१८च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारांना राज्यभरात मिळून सुमारे ५३ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या ३६. उरलेल्या ६३ रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी गव्हर्नरपदी डेमोक्रॅटिक पक्षाचे टोनी एव्हर्स यांना निवडून दिले. गव्हर्नरसाठी सारे राज्य हा एकच मतदारसंघ असतो, त्यामुळे तिथे आखायला रेषाच नसते. विधानसभेसाठी ९९ मतदारसंघांच्या रेषा असतात आणि त्या २०११ सालीच आखून झाल्या होत्या. मतदान नीट झाले, मोजणीही चोख झाली. निकालाचा मोठा भाग मात्र सात वर्षे आधी कागदावर ठरून गेला होता.

या उद्योगाला जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीने आखलेल्या सिनेट मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा निघाला, की ‘बोस्टन गॅझेट’ने २६ मार्चच्या अंकात त्याला पंख आणि नख्या काढून त्याचे चित्र छापले. ‘सॅलमँडर’ या सरड्यासारख्या प्राण्याच्या नावाला गेरींचे आडनाव जोडले गेले आणि शब्द तयार झाला. मूळ आडनाव ‘गेरी’, पण शब्द रूढ झाला तो ‘जेरी’ या उच्चाराने. त्या निवडणुकीत विरोधी फेडरलिस्ट पक्षाला जास्त मते मिळूनही ४०पैकी ११च जागा मिळाल्या. खुद्द गेरी गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, कारण त्या पदाला मतदारसंघाच्या रेषा उपयोगी पडत नव्हत्या.

यातली युक्ती दोन क्रियापदांत सांगता येते : कोंबणे आणि फोडणे. प्रत्येकी १०० मतदारांचे पाच मतदारसंघ आहेत असे धरू. अ पक्षाचे २६० मतदार आणि ब पक्षाचे २४०. रेषा ब पक्षाच्या हाती आहेत. त्याने एकाच मतदारसंघात अ पक्षाचे ९५ मतदार कोंबले. उरलेले १६५ बाकीच्या चार मतदारसंघांत फोडून ४१, ४१, ४१ आणि ४२ असे वाटले. अ पक्ष एक जागा प्रचंड मताधिक्याने जिंकतो आणि चार ठिकाणी हरतो. २६० मतांना एक जागा, २४० मतांना चार. एकाही मतदाराचे नाव यादीतून गाळलेले नसते, एकालाही केंद्रावरून परत पाठवलेले नसते. महाराष्ट्रातल्या महापालिका निवडणुकांपूर्वी प्रभागरचनेच्या आराखड्यावर हरकतींचा पाऊस का पडतो, हे या आकड्यांवरून सहज कळते.

रेषा अन्यायाने आखली आहे हे ठरवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत याहून ढोबळ अन्याय चालू होता. टेनेसी राज्याने १९०१नंतर साठ वर्षे मतदारसंघ बदललेच नव्हते. शहरे फुगली, खेडी ओस पडली, तरी जागा होत्या तिथेच राहिल्या. १९६२च्या ‘बेकर विरुद्ध कार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे वाद ऐकण्याची तयारी दाखवली आणि १९६४च्या ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’मध्ये राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखे हवेत असे ठरवले. एक व्यक्ती, एक मत हे तत्त्व त्यातून पक्के झाले. पण वरच्या उदाहरणातले पाचही मतदारसंघ सारख्याच लोकसंख्येचे आहेत. डोकी सारखी मोजली म्हणून मताचे वजन सारखे होत नाही, हा धडा या निकालांनंतर शिकावा लागला. दर दहा वर्षांनी जनगणना होते, रेषा नव्याने आखाव्या लागतात आणि बहुतेक राज्यांत त्या आखण्याचा अधिकार विधिमंडळाकडेच असतो. म्हणजे ज्यांनी त्या मतदारसंघांतून निवडून यायचे, तेच ते मतदारसंघ आखतात.

विस्कॉन्सिनमध्ये २०१०च्या निवडणुकीत गव्हर्नरपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली. पुढच्याच वर्षी रेषा आखायच्या होत्या. मॅडिसन या राजधानीत, विधान भवनासमोरच्या एका वकिली कंपनीच्या कार्यालयात संगणकावर नकाशे तयार झाले. पक्षाच्या आमदारांनी गुप्ततेच्या करारावर सह्या केल्या. जुन्या निवडणुकांचे आकडे घालून प्रत्येक मसुद्यात किती जागा येतील याचा हिशेब मांडला गेला. काही मसुद्यांची नावेच ‘ठाम’ आणि ‘आक्रमक’ अशा अर्थाची होती. २०१२मध्ये पक्षाला ४९ टक्क्यांहून थोडी कमी मते मिळाली आणि ९९पैकी ६० जागा.

या तफावतीचा सगळा दोष नकाशाला देता येत नाही. डेमोक्रॅटिक मतदार मिलवॉकी आणि मॅडिसन या दोन शहरांत दाटीने राहतात. कोणीही न कोंबता ते आपोआप काही मतदारसंघांत साचतात. म्हणूनच भूगोलाचा वाटा किती आणि हेतूचा किती, हे मोजणारी पट्टी लागते. निकोलस स्टेफानोपोलस आणि एरिक मॅक्गी यांनी वाया गेलेली मते मोजण्याची रीत मांडली. हरलेल्या उमेदवाराची सगळी मते वाया आणि जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्तीची मते वाया. पाच मतदारसंघांच्या उदाहरणात अ पक्षाची २०९ मते वाया जातात, ब पक्षाची अवघी ३६. हा फरक एकूण मतांच्या एकतृतीयांशाहून अधिक भरतो. पुढे संगणकाने हजारो तटस्थ नकाशे तयार करून प्रत्यक्षातला नकाशा त्यांच्या रांगेत कुठे बसतो, हे पाहण्याची पद्धतही आली.

ही पट्टी घेऊन विस्कॉन्सिनचे मतदार संघीय न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१६मध्ये तिघा न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने नकाशा रद्द ठरवला. जून २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, फिर्यादींना दाद मागण्याचा हक्क कसा पोहोचतो हे सिद्ध झाले नाही, असे सांगून प्रकरण परत पाठवले. वर्षभराने, २७ जून २०१९ रोजी, ‘रूचो विरुद्ध कॉमन कॉज’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी शेवटचा दरवाजाही बंद झाला. या खटल्यात नॉर्थ कॅरोलायनातला रिपब्लिकन नकाशा आणि मेरीलँडमधला डेमोक्रॅटिक नकाशा एकत्र सुनावणीला आले होते, यावरून हे दुखणे एका पक्षाचे नाही हेही दिसते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे म्हणणे असे, की अशी आखणी लोकशाही तत्त्वांशी विसंगत असली तरी तिचा निवाडा करायला संघीय न्यायालयांकडे कायदेशीर निकष नाही; राज्यांनी आपापली वाट काढावी. जिथे तत्त्व मोडते तिथेच न्यायालय माघार घेते, हा न्यायमूर्ती एलेना केगन यांच्या विरोधी निकालपत्राचा रोख होता.

राज्यांतल्या वाटाही सरळ नव्हत्या. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मतदानाने निवडले जातात. तिथली एप्रिल २०२३ची निवडणूक नकाशाच्या प्रश्नावर गाजली, त्यात पाच कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि जॅनेट प्रोटासिविच जिंकल्याने न्यायालयातले बहुमत बदलले. त्यानंतर २२ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तेव्हा लागू असलेला नकाशा रद्द केला. कारण मात्र पक्षपाताचे नव्हते. राज्यघटना सलग प्रदेशाचा मतदारसंघ मागते आणि ९९पैकी निदान ५० मतदारसंघांत मुख्य भागापासून तुटलेले तुकडे होते. पक्षपाताची पट्टी वर्षानुवर्षे घासली गेली आणि शेवटी कामी आला तो ‘सलग’ हा साधा शब्द. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी एव्हर्स यांनी आपणच सुचवलेल्या नकाशाच्या कायद्यावर सही केली. तो रिपब्लिकन विधिमंडळानेच मंजूर केला होता. नोव्हेंबरच्या निवडणुकीत विधानसभेतले ६४–३५ हे बलाबल ५४–४५ झाले, सिनेटमधले २२–११ हे १८–१५. बहुमत रिपब्लिकनांचेच राहिले. नकाशा न्याय्य असला म्हणजे दुसरा पक्ष जिंकतोच असे नाही. मतदार बदलला तर निकाल बदलू शकतो, एवढीच त्याची हमी असते.

निवडून आलेल्यांच्या हातून लेखणीच काढून घेणे हा अधिक पायाचा उपाय. आयोवात १९८०पासून विधिमंडळाची कर्मचारी संस्था पक्षांचे आकडे न पाहता मसुदा करते आणि आमदार त्यावर मत देतात. ॲरिझोनाने २०००मध्ये, कॅलिफोर्नियाने २००८मध्ये स्वतंत्र आयोग आणले. मिशिगनमध्ये स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१८मध्ये मतदारांनी १३ नागरिकांचा आयोग मंजूर केला : चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याच पक्षाचे नसलेले. २०२२मध्ये त्या राज्यात सुमारे चाळीस वर्षांनी दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली. त्याच वर्षी बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइट परिसरातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले, तेही याच आयोगाने आखलेल्या मतदारसंघातून. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशा या निकालाला दुसरी बाजू आहे. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटला कित्येक दशकांनी प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. विधिमंडळासाठी आयोगाने आखलेले डेट्रॉइट भागातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखल्याचे सांगून संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये रद्द केले. आयोग आला की पक्षाचा स्वार्थ हटतो. कोणत्या वस्तीला कोणाशी जोडायचे, हा पेच मात्र तसाच राहतो.

आयोगाचे कवचही अभेद्य नाही. २०२५मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता काँग्रेसच्या जागांचा नकाशा रिपब्लिकनांच्या सोयीने बदलला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याच नोव्हेंबरमध्ये आपल्याच आयोगाचा काँग्रेससाठीचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवून डेमोक्रॅटिक सोयीचा नकाशा मंजूर केला. दुसऱ्याने लबाडी केली म्हणून आपण सचोटी सोडायची, हा हिशेब दोन्ही बाजूंना पटतो. म्हणून एकट्या राज्याने सुधारणा करणे महागात पडते.

विस्कॉन्सिनमध्ये आजही आयोग नाही. २०२४चा नकाशा हा साधा कायदा आहे. २०३०च्या जनगणनेनंतर नव्या रेषा आखायचा अधिकार पुन्हा त्या वेळच्या विधिमंडळाकडे आणि गव्हर्नरकडेच जाणार आहे.