पाणबुडीचा खेळ आणि आमची न्यायबुद्धि

व्हिडिओ-खेळांचें नांव निघालें कीं आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षित मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ‘हे खेळ मारामारी शिकवितात’ एवढें म्हटलें कीं खटल्याचा निकाल लागला! पुस्तकाचें वेष्टन पाहून परीक्षण लिहिणाऱ्यास आपण हंसतों. मग ज्या खेळाचे नियमहि विचारले नाहींत त्यास शिक्षा ठोठावणाऱ्याची विद्वत्ता आपण निमूटपणें कां मान्य करावी?

उदाहरण मी मुद्दाम फिर्यादी पक्षास सोयीचें घेतों. १९८३ सालीं अमेरिकेंतील ॲक्टिव्हिजन कंपनीनें अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठीं ‘सीक्वेस्ट’ नांवाचा खेळ काढला. रचनाकार स्टीव्ह कार्टराइट. चालू कामासाठीं त्या यंत्राची स्मृति अवघी १२८ बाइटांची. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर निळा समुद्र, त्यांत खेळणाराची पाणबुडी, आणि दोहों बाजूंनीं अंगावर येणारे शार्क मासे व शत्रूच्या पाणबुड्या. दांडी हलवावी, बटण दाबावें, टॉर्पेडो सोडावा. आमचे टीकाकार येथवर पाहतात आणि उठून जातात.

ते आणखी पांच मिनिटें बसले असते तर त्यांना दिसलें असतें कीं, त्याच पाण्यांत पाणबुडे पोहत आहेत व त्यांना उचलून वर आणावयाचें आहे. पाणबुडींतील प्राणवायु क्षणोक्षणीं सरत असतो. तो भरून घेण्यास पृष्ठभागावर यावेंच लागतें. परंतु एकहि माणूस न वांचवितां वर येणाराची एक पाणबुडी जाते! सहा जणांना घेऊन आला तरच बक्षीस. आरंभीं शार्क किंवा शत्रूची पाणबुडी मारल्यास २० गुण, आणि सहांची खेप पुरी झाल्यावर दर माणसामागें ५०. पुढें शिकारीचे गुण वाढत जाऊन ९० वर थांबतात. माणसाचे १००० पर्यंत चढतात. मारण्याचें मोल किती आणि तारण्याचें किती, हें याहून स्पष्ट कसें सांगावें?

यावर कोणी म्हणेल, ‘मुलें गुणांसाठीं खेळतात, ठिपक्यांविषयीं दया कसली?’ आक्षेप रास्त आहे. हा खेळ दया शिकवितो असा माझा दावा नाहीं. समोरच्या चटकन् मिळणाऱ्या लाभांत गुंतून दूरचें कर्तव्य विसरूं नये, एवढा धडा मात्र तो पदोपदीं देतो, आणि तो धडा सोपा नाहीं. २०१३ सालीं लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या संशोधकांनीं स्वतः शिकणाऱ्या एका संगणक-प्रणालीला अटारीचे सात खेळ खेळावयास लावले. ‘पाँग’, ‘ब्रेकआउट’ व ‘एन्ड्युरो’ यांत तिनें निष्णात माणसास हरविलें. ‘सीक्वेस्ट’मध्यें ती फार मागें राहिली. ज्या खेळांत दीर्घ पल्ल्याचें धोरण लागतें ते तिला जड गेले, असें कारण संशोधकांनींच दिलें. पुढें अधिक प्रगत प्रणालींनीं माणसास मागें टाकलें, हें खरें. पण केवळ बोटांच्या चपळाईचा हा खेळ असता तर पहिलीच प्रणाली अडली नसती.

खेळांत दोष नाहीं काय? आहे. शार्क मासा आणि शत्रूची पाणबुडी यांचें मोल त्यानें एकच ठरविलें आहे! जो जीव आपल्याच घरांत पोहत आहे त्यास शत्रु ठरवून मारण्याचे गुण द्यावे, हें मला पटत नाहीं. पण हा दोष मला नियम वाचल्यावर दिसला. दुरून नाक मुरडणारास तो कधींच दिसणार नाहीं. कारण त्याच्या लेखीं सारेच खेळ सारखे.

आईबापांना माझी विनंति एवढीच: मुलाच्या हातांतील यंत्र हिसकावण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं घटकाभर बसा आणि विचारा, ‘येथें गुण कशाचे मिळतात?’ उत्तर ऐकून मग खुशाल बंदी घाला. पुरावा न ऐकतां दिलेला निकाल मुलें मानीत नाहींत, आणि त्यांनीं तो कां मानावा?