सहल खाड्यांची, जबाबदारी कुणाची?

खास प्रतिनिधी, अलिबाग

परीक्षा आटोपल्या की मुंबई-पुण्याच्या घराघरांत कोकणचा नकाशा उघडला जातो. पूर्वी हा नकाशा गावाकडे जाण्यासाठी पाहिला जाई. आता तो सहलीसाठी पाहिला जातो. स्वतःची गाडी घेऊन मांडव्याला उतरायचे, किनारा धरून दक्षिणेकडे निघायचे आणि जिथे रस्ता संपेल तिथे गाडीसह बोटीत चढायचे, हा बेत अलीकडे मध्यमवर्गीय कुटुंबांच्या फार आवडीचा झाला आहे. तो आवडण्याजोगा आहेच. परंतु दर उन्हाळ्यात वाढत जाणाऱ्या या गर्दीला सामावून घेण्याची तयारी किनाऱ्याने, म्हणजेच किनाऱ्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणांनी, कितपत केली आहे, हा प्रश्न हंगाम ऐन भरात असतानाच विचारला पाहिजे. अपघात झाल्यावर तो सारेच विचारतात.

पाणी आडवे येते म्हणून

रायगडचा किनारा सलग नाही. उत्तरेस धरमतरची खाडी, मग रेवदंड्याजवळ कुंडलिकेचे मुख, पुढे राजपुरीची खाडी आणि अगदी दक्षिणेस सावित्री जिथे समुद्राला मिळते ती बाणकोटची खाडी. या चार पाण्यांनी किनाऱ्याचे तुकडे केले आहेत. यांपैकी कुंडलिकेवर रेवदंडा आणि साळाव यांना जोडणारा पूल आहे. बाकी तिन्ही ठिकाणी किनाऱ्याने जाणाऱ्याला आजवर बोटीवाचून गत्यंतर राहिलेले नाही. अन्यथा खाडीला लांबचा वळसा घालावा लागतो.

मुंबईकराचा पहिला टप्पा भाऊच्या धक्क्यावरून सुरू होतो. येथून मांडव्यापर्यंतची रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने सुमारे ११० किलोमीटरचा असलेला आणि वडखळच्या कोंडीत कितीही लांबू शकणारा प्रवास तिने तासाभरावर आणला. गाडीविना येणाऱ्यांसाठी गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच आणि कॅटामरान आहेत, तसेच भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी जुनी लाँचसेवाही आहे. मांडव्याहून किहीम, अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा असे करीत साळावचा पूल ओलांडला की कोर्लईचा किल्ला, काशीद, नांदगाव आणि मुरूड ही गावे ओळीने येतात. मुरूडपुढच्या आगरदांड्यावरून जंगलजेट्टीने दिघीला उतरले की दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. शेवटी बागमांडल्याहून दुसरी जंगलजेट्टी पकडली की पलीकडच्या तीरावर वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा.

हा सारा प्रवास घाईने दोन दिवसांत उरकता येतो. पण किल्ले, वाड्या आणि पुळणी पाहायच्या असतील तर तीन-चार दिवस हवेत. मुख्य म्हणजे वेळापत्रक घड्याळावर न आखता भरती-ओहोटीवर आखले पाहिजे. कोळीवाड्यांत एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाऊ इच्छिणाऱ्याने हा हिशेब करूनच निघावे. त्यातही उधाणाच्या दिवसांत पाणी खूप उतरते, पण परतताना चढतेही वेगाने. उलट अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ते फारसे उतरतच नाही. दुपारच्या उन्हात ओहोटी मिळाली म्हणून वाट कोरडी मिळेलच असे नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याला हे ठाऊक नसते, आणि ते सांगणारा ठळक फलक किनाऱ्यावर सर्वत्र आढळत नाही.

शांत समुद्रातील अपघात

समुद्राचे भय आपण पावसाळ्याशी जोडले आहे. त्याला इतिहासही तसाच आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी प्राणास मुकले. रेवस परिसरातील कोळ्यांनी आपल्या होड्या घालून काहींना वाचवले. त्या दुर्घटनेची आठवण अलिबाग तालुक्यातील अनेक घरांत अजून ताजी आहे. पावसाळ्यात प्रवासी लाँच बंद ठेवल्या जातात, जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या विसावतात, मासेमारीला बंदी असते. हे सारे योग्यच आहे.

परंतु अलीकडच्या दुर्घटना पाहिल्या तर वेगळेच चित्र दिसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा ना वादळ होते, ना पाऊस. १४ मार्च २०२० रोजी गेटवेहून निघालेली प्रवासी बोट मांडव्याजवळ तळाला भगदाड पडून बुडू लागली. सागरी पोलिसांची गस्तीनौका वेळेवर पोहोचल्यामुळेच ८८ प्रवासी बचावले. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जण मृत्युमुखी पडले. या बोटीला ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी यांची परवानगी असताना प्रत्यक्षात शंभराहून अधिक माणसे तिच्यावर होती, हे नंतर उघड झाले. धडकेचा दोष प्रवासी बोटीचा नव्हता, हे खरे. मात्र जादा माणसे आणि अंगावर नसलेली लाइफ जॅकेट यांमुळे संकटाची तीव्रता वाढते, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी, मार्च, डिसेंबर. तिन्ही महिने समुद्र शांत असण्याचे आहेत. याचा अर्थ असा की समुद्र बंद कधी करायचा याचे वेळापत्रक आपल्याकडे आहे. तो खुला असताना त्यावर कसे वावरायचे याची शिस्त मात्र नाही. सुट्टीच्या दिवशी शेवटच्या फेरीला होणारी झुंबड, बोटीत कोपऱ्यात रचून ठेवलेली जॅकेट आणि ‘दहा मिनिटांचा तर प्रवास’ म्हणून ती अंगावर घालण्यास कुरकुरणारे प्रवासी, हे दृश्य या किनाऱ्याला नवे नाही. घारापुरीच्या दुर्घटनेनंतर जॅकेटची सक्ती झाली. सक्ती टिकते ती तपासणीने, आणि बातमी जुनी झाली की तपासणी सैलावते, हा आपला अनुभव आहे.

शिवाय पावसाळ्याचे वेळापत्रकही आता पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. मे अखेरच्या सुट्टीचे आरक्षण करून बसलेल्या कुटुंबांसाठी ही धोक्याची सूचना आहे. किनाऱ्याची सहल मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत उरकणे शहाणपणाचे. त्यानंतर जायचेच असेल तर खाडीला वळसा घालणारा पर्यायी रस्ता आधीच पाहून ठेवलेला बरा.

किनाऱ्यावरचा राखणदार

बोटीपेक्षाही मोठा प्रश्न पुळणीवरचा आहे. नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर येथे सुट्टीच्या दिवसांत हजारो माणसे पाण्यात उतरतात. त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी प्रामुख्याने ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा यांच्या शिरावर येऊन पडते. काही हजार लोकवस्तीच्या गावाच्या ग्रामपंचायतीने प्रशिक्षित जीवरक्षक बारमाही पोसावेत, त्यांना साधने द्यावीत आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. काही ग्रामपंचायती पर्यटकांच्या वाहनांकडून कर घेतात. पण त्या रकमेतून कचरा उचलावा, पाणी पुरवावे की जीवरक्षकाचा पगार द्यावा, हा पेच सुटत नाही.

शेजारच्या गोव्याने हा पेच सोडवला आहे. बुडून मरणाऱ्यांची संख्या चिंताजनक झाल्यावर २००८ पासून तेथील सरकारने किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमले आणि त्याचा भार ग्रामपंचायतींवर न टाकता राज्याच्या तिजोरीवर घेतला. पर्यटन हा राज्याचा महसूल असेल, तर पर्यटकाचा जीव ही गावाची जबाबदारी कशी, हा साधा तर्क त्यामागे आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा उपक्रमांना नोंदणीच्या चौकटीत आणले. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड यांची नोंदणी, विमा आणि चालकाचे प्रशिक्षण यांवर कागद तयार आहे. पर्यटकाने बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी परवाना मागावा, हे खरेच. परंतु परवाना नसलेल्याला किनाऱ्यावर उभेच राहू न देणे हे काम पर्यटकाचे नव्हे.

हे लिहिताना स्थानिकांच्या पोटाचा विचार बाजूला ठेवता येणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नवे झाड फळाला येण्यास वर्षे लागतात. त्या मधल्या काळात अनेक कुटुंबांना आधार मिळाला तो घरगुती निवासाचा आणि खाणावळीचा. त्यांचा वर्षाचा जमाखर्च नाताळ आणि उन्हाळ्याची सुट्टी या दोन हंगामांवर बेतलेला असतो. एका दुर्घटनेनंतर किनारा ओस पडतो तेव्हा पहिला फटका त्यांनाच बसतो. म्हणूनच सुरक्षितता ही पर्यटनाच्या आड येणारी अट आहे, असे समजणे चुकीचे आहे. ती या घरांच्या उत्पन्नाची हमी आहे.

पूल आल्यावर

आता या चित्रात पुलांची भर पडते आहे. बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या दशकाच्या आरंभी, रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची कल्पना पुढे आली. चार दशके ती तुकड्यातुकड्यांनी साकारत राहिली. बाणकोट खाडीवरील पुलाचे काम अर्धवट राहून त्याचे खांब वर्षानुवर्षे पाण्यात उभे राहिले. आता रस्ते विकास महामंडळाने धरमतर, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांवरील पुलांची कामे हाती घेतली आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू मुंबईची वाहने उरणच्या उंबरठ्यावर आणून सोडतोच आहे. करंजा आणि रेवस जोडले गेले की शिवडीहून निघालेली गाडी बोटीत न चढता थेट अलिबागेत उतरेल.

हे व्हायला हवे. आजारी माणसाला रात्री-अपरात्री खाडीपलीकडे न्यायचे असते, मासळी आणि आंबा वेळेत बाजारात पोहोचवायचा असतो. त्यांच्यासाठी जंगलजेट्टीची शेवटची फेरी चुकणे ही गंमत नसते. किनाऱ्यावरच्या माणसाने पर्यटकाच्या हौसेखातर बोटीतच ताटकळत राहावे, असे कोणी म्हणू नये.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या पलीकडे जातात. आजवर प्रत्येक खाडीने दक्षिणेकडच्या गावांवर येणारी गर्दी नकळत गाळून घेतली आहे. अलिबाग आणि दिवेआगर यांच्यातील फरकाचे एक कारण हेच आहे. ही गाळणी निघाल्यावर मे महिन्यातील पाणीटंचाई, गावातून जाणारा अरुंद रस्ता, वाहनतळाचा अभाव आणि जीवरक्षकांची वानवा ही सारी ओझी एकदम अंगावर येतील. अलिबागच्या वाटेवर जे झाले ते श्रीवर्धनच्या वाटेवर होऊ द्यायचे नसेल, तर पूल पूर्ण होण्याआधीची वर्षे तयारीसाठी वापरली पाहिजेत.

त्या तयारीत बोटी मोडीत काढणे बसत नाही. सावित्रीवरील आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला तेव्हा लोकांच्या मदतीला पुन्हा बोटच धावली होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ त्याच नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या, हे विसरता येत नाही. पूल हा कायमचा नसतो. त्याचीही देखभाल लागते आणि त्याला पर्यायही लागतो.

करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रत्येक धक्क्यावर बोटीची प्रवासी क्षमता, त्या दिवसाची भरती-ओहोटी आणि शेवटच्या फेरीची वेळ मराठीत ठळक लिहावी. प्रवासी मोजूनच बोट सोडावी. जीवरक्षकांची भरती जिल्हा पातळीवर करून स्थानिक कोळी तरुणांना त्यात प्राधान्य द्यावे. या पाण्याची ओळख त्यांच्याइतकी कोणाला नाही. पर्यटकांकडून गोळा होणाऱ्या कराचा ठरावीक हिस्सा याच कामासाठी राखावा.

आणि सहलीला निघणाऱ्यांनीही आपला वाटा उचलावा. गर्दीची बोट सोडून पुढची पकडावी, जॅकेट मागून घ्यावे, गावकरी ‘आता पाण्यात उतरू नका’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये. रेवसच्या कोळ्यांनी १९४७ मध्ये होड्या घातल्या, तेव्हा त्यांना कोणी नेमले नव्हते. आज नेमलेली माणसे जागेवर असावीत, एवढीच अपेक्षा आहे.