दिवा आपला, डोळे समोरच्याचे



गळीत हंगाम सुरू झाला की कारखाना चोवीस तास चालतो आणि त्याबरोबर रस्ताही चोवीस तास चालतो. दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर, ट्रक, टायरच्या बैलगाड्या, आणि त्यांच्यातून वाट काढणारे आपण. कुणी मोटारसायकलवर, कुणी चारचाकीत. या रस्त्यावर अलीकडे एक नवाच ताप झाला आहे. तो म्हणजे पांढऱ्याफेक दिव्यांचा.

मागच्या हंगामात आम्ही रात्री काट्यावरून घरी निघालो होतो. समोरून एक मोटार आली. आम्ही डिप्पर दिला. त्यानेही दिला असेल, पण त्याचा डिप्परसुद्धा अप्परसारखाच! दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. डोळे ताळ्यावर आले तेव्हा पुढ्यात पंक्चर होऊन उभा राहिलेला उसाचा ट्रेलर. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. वेग बेताचा होता म्हणून आज हे लिहीत आहोत. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते. तीन सेकंदांत ५० मीटर! तेवढे अंतर आपण डोळे मिटूनच चालवतो म्हणायचे.

त्या मोटारवाल्याला शिव्या देऊन मोकळे झालो असतो. पण तसलेच बल्ब आपल्यापैकी कितीतरी जणांनी हौसेने बसवून घेतले आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे.

यातली गोम समजून घ्यावी. साध्या हॅलोजन दिव्यात, बहुतेक एच-४, ६०/५५ वॅटच्या बल्बात, तार ठराविक जागी असते आणि तिच्या हिशेबानेच मागचा आरसा घडवलेला असतो. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची लहानशी वाटी असते. वर उसळणारा झोत ती अडवते, म्हणून उजेड रस्त्यावर पडतो. त्याच आरशात दुकानातून आणलेला एलईडी बल्ब कोंबला की उजेडाची जागा सरकते. मग उजेड फाकतो, आणि त्यातला बराचसा समोरच्याच्या तोंडावर जातो. शिवाय बोनेटपुढचा रस्ता लख्ख झाला की आपलीच बाहुली आकसते व लांबचा खड्डा दिसत नाही. दुकानदार लुमेनचा आकडा सांगतो, हे सांगत नाही.

म्हणून बल्ब बदलायचा तर कंपनीने दिला त्याच जातीचा व त्याच वॅटचा घ्यावा. १०० वॅटचा मोह नको. एलईडीच हवा असेल तर ज्या गाडीचा अख्खा दिवाच कंपनीने एलईडीसाठी बनवला आहे, ती गाडी घ्यावी. घेताना दिवा खालीवर करायचे बटण आहे का, तेही पाहावे. डिकीत खताची पोती टाकली की गाडीचे नाक वर होते, तेव्हा ते बटण कामास येते. काच पिवळी, धुरकट झाली असेल तर आधी ती घासून घ्या. निम्मा उजेड तिथेच विस्कटतो.

कायदाही आहेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असणाऱ्या माणसाला दिपवणार नाही इतका झोत खाली वळलेला हवा. दीड मीटर म्हणजे आपला सायकलवर निघालेला ऊसतोड मजूरच की!

आता ट्रॅक्टरवाल्यांशी दोन शब्द. नांगरटीसाठी मागे लावलेला फोकस डांबरी रस्त्यावर बंद करा. मागून येणाऱ्याला त्यापुढे तुमचा ट्रेलर दिसतच नाही, मग लाल रिफ्लेक्टर लावून उपयोग काय? आणि ट्रेलरच्या ओझ्याने पुढची चाके हलकी झाली की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर जातात. शेतकरी बैलगाडीला कंदील बांधून जात होता, तो यापेक्षा शहाणा.

दिवा तपासायला गॅरेज लागत नाही. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खूण करावी. डिप्परची वरची कड त्या खुणेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. केन यार्डात नंबर येईपर्यंत गाड्या तासन्‌तास उभ्याच असतात. तेथील एक भिंत पांढरी करून १० मीटरवर चुन्याची रेघ मारून द्यावी, अशी आमची शेतकी खात्यास विनंती आहे. चुना आणि एक ब्रश, एवढाच खर्च आहे. मोळी टाकण्याआधी होण्यासारखे काम आहे.