नदी चौरस किलोमीटरमध्ये मोजू नये

तामिळनाडूच्या ताम्रपर्णी नदीत (चंदगडची ताम्रपर्णी निराळी) वीतभराहूनही लहान असा एक मासा राहतो. नाव डॉकिन्सिया ताम्ब्रपर्णिएई. ई. जी. सायलस यांनी १९५४ साली त्याचे प्रथम वर्णन केले आणि नदीचेच नाव त्याला दिले. नावातील पहिला शब्द २०१२ मधला, रिचर्ड डॉकिन्स यांच्या सन्मानार्थ. नराच्या पाठीवरील पराचे तंतू लांब वाढतात, म्हणून शोभेचे मासे पाळणाऱ्यांना तो ठाऊक आहे. निसर्गात मात्र ही एकच नदी त्याचे घर आहे, आणि जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त आहे.

नदीचा उगम कलक्काड-मुंडनथुराई व्याघ्र प्रकल्पात आहे. मग चिंता कसली, असे विचारले जाते. हा प्रश्नच चुकीच्या भूमितीतून येतो.

भौतिकशास्त्रातील पर्कोलेशनचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. विस्तीर्ण चौकटजाळीतील दुवे वाटेल तसे तोडत गेले, तरी जवळजवळ निम्मे तुटेपर्यंत या कडेपासून त्या कडेपर्यंत वाट उरते. रेषेत मात्र एकच दुवा तुटला की वाट संपते. वन जाळीसारखे आहे. वाघ वस्ती टाळून वळसा घेतो. नदी ही रेषा. उपनद्या धरल्या तरी ती फांद्यांचे झाडच राहते आणि माशाला वळसा मिळत नाही.

जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या या नदीवर पापनाशमचे धरण आणि त्याखाली श्रीवैकुंठमपर्यंत आठ बंधारे आहेत. पुरात मासा बंधाऱ्यावरून खाली वाहून जाऊ शकतो. उलट चढणे त्याला अवघड. म्हणजे वरच्या तुकड्यातील मासे एखाद्या कोरड्या वर्षी संपले, तर खालून भरपाई होणे कठीण. टाकीत पैदास करता येते हे खरे, पण त्याने तुटलेली नदी जोडली जात नाही.

बंधारे पाडा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तिरुनेलवेलीचे भात त्यांच्यावर पिकते. मात्र नव्या बंधाऱ्याच्या प्रस्तावात किती हेक्टर बुडेल एवढेच विचारून भागणार नाही. सलग वाहती लांबी किती उरेल, हाही रकाना हवा. आणि आठ बंधाऱ्यांमधील कोणत्या तुकड्यात हा मासा आज आहे, याची पाहणी तिथल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही करता येईल. फक्त ती उन्हाळ्यात, पाणी ओसरल्यावर करावी.