मेणवलीचे दप्तर आणि नाशिकचे माळे
नाना फडणवीस १८०० साली निवर्तल्यावर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात त्यांच्या कुटुंबाकडे राहिलेले दप्तर पुढे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले आणि साताऱ्याच्या संग्रहालयातून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुखरूप पोहोचले, म्हणूनच त्या मुत्सद्द्याचे राजकारण आज अभ्यासकास अस्सल कागदांवरून पडताळता येते. नाशिककरांस ही हकीकत परकी वाटू नये. ज्या गंगापुरात थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी उत्तरायुष्य घालविले आणि ज्या आनंदवल्लीत राघोबादादांचा परिवार राहिला, त्या गोदातीरावरील जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर मोडीतील पत्रे, महजर आणि जमाखर्चाचे बंद अद्याप असावेत, आणि वाडा पाडून इमारत उठविण्याच्या घाईत ते रद्दीत जावेत, याहून मोठी हानी मला दिसत नाही. वंशज सहसा शिक्क्याची सनद तेवढी जपतात. वास्तविक त्या काळाचे भाव, देणीघेणी आणि नातीगोती कळतात ती कीर्दीतून, लग्नाच्या याद्यांतून आणि क्षेमकुशलाच्या साध्या पत्रांतून. कागद ज्या रुमालात, ज्या क्रमाने बांधलेले सापडतील तो क्रम मोडू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ओल, वाळवी व कसर यांपासून ते दूर ठेवावेत; आणि १९१० पासून हेच कार्य करीत आलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतील मोडी जाणकारास दाखविल्यावाचून एकही चिठोरा टाकू नये, अशी येथील जुन्या घराण्यांस माझी कळकळीची विनंती आहे.