गाळल्याची वार्ता

९१ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे स्थळ म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमाची घोषणा झाली. वाद उद्भवताच विवेकानंद आश्रमाने यजमानपद नाकारले. त्या नकाराविषयी मतभेद संभवतात. परंतु तो उघडपणे दिला गेला, म्हणून पर्याय शोधता आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये संमेलन बडोद्यास भरले.

नकार कळविण्याचे हे साधे सौजन्य वाङ्मयीन नियतकालिकांतून मात्र लोपत चालले आहे. ‘साभार परत’ या शब्दांची एकेकाळी पुष्कळ थट्टा झाली. पण लेखकानेच पाठविलेल्या, तिकीट लावलेल्या लिफाफ्यातून हस्तलिखित परत येई आणि दुसऱ्या संपादकाकडे जाण्यास मोकळे होई. आज अनेक संशोधनपत्रिका लेख अन्यत्र न पाठविल्याचे हमीपत्र घेतात आणि नापसंतीविषयी मौन पाळतात. हमीपत्राने बांधलेल्या लेखकाच्या बाबतीत हे मौन म्हणजे लेख अडकवून ठेवणेच होय.

स्वीकृत लेखातील परिच्छेद न कळविता गाळणे याहून गंभीर. अवतरणातील एखादा शब्द गाळला तरी तेथे तीन टिंबे द्यावीत, असा दंडक प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास घालून दिला जातो. संपादक मात्र अख्खा युक्तिवाद काढतो आणि टिंबही ठेवीत नाही. तुटलेल्या विचाराचे अपश्रेय लेखकाच्या माथी येते. काटछाटीचा अधिकार संपादकाचाच, जागेची अडचणही खरी. पण काय गाळले व का, हे मुद्रणापूर्वी दोन ओळींत कळविले, तर लेखकाला उत्तर देता येते, निदान लेख परत मागता येतो.