दोघींची मैत्री तोडू नका



बायपोलर आजार असलेल्या दोघींची गट्टी जमली की घरचे धास्तावतात. "एकीला सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यात ही दुसरी!" म्हणून फोन, येणं-जाणं बंद करतात. मला हे पटत नाही.

या आजारात कधी उत्साहाला उधाण येतं, कधी उठून वेणी घालणंही जड जातं. दोन तास झोपून पहाटे सगळं घर आवरणारी सून आपल्याला कामसू वाटते. तेच दुखणं भोगलेली मैत्रीण मात्र विचारते, "रात्री झोपलीस का? गोळी घेतलीस का?" आपण विचारलं तर राग येतो, तिनं विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

दशलक्षण पर्वात तर अशी मैत्रीण हवीच. लिथियमची गोळी चालू असताना अंगातलं पाणी किंवा आहारातलं मीठ एकदम कमी झालं, तर रक्तात औषध वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणून निर्जल उपवास किंवा मिठाचा त्याग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. "मीही यंदा स्वाध्यायच करतेय," असं मैत्रीण म्हणाली, की कमीपणा वाटत नाही.

व्यवहार मात्र चोख हवा. एकीची झोप उडाली तर दुसरीनं तिच्या घरी कळवायचं, हे दोघींनी बऱ्या असतानाच ठरवावं. एकमेकींच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, आपल्या मनानं थांबवायच्याही नाहीत. आणि एक खचली, तर सगळा भार दुसरीवर टाकू नये. तिथं घरच्यांनीच उभं राहायचं.